भूल देणारी बंदूक: डार्टची ताकद कमी का ठेवतात आणि तो हाताने कसा भरतात?

तुरीच्या शेतात अस्वल शिरल्याचा किंवा गोठ्याजवळ बिबट्या दिसल्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला, की त्याखाली दोन प्रश्न हमखास असतात. "वनविभागाने अजून इंजेक्शन का मारलं नाही?" हा पहिला. इंजेक्शन मारून झाल्यावर दुसरा येतो, "मारलं म्हणता, मग ते पळतंय कसं?" चित्रपटांनी लावलेली सवय अशी, की बंदूक झाडली की जनावर जागेवर कोसळले पाहिजे. प्रत्यक्षात भूल देणारी बंदूक हे फार मंद, फार नाजूक आणि हाताने जुळवावे लागणारे साधन आहे. तिच्यात ताकद जास्त झाली तर जनावर मरते आणि कमी झाली तर औषध आत जात नाही. या दोहोंमधली जागा अरुंद आहे आणि ती दर वेळी नव्याने शोधावी लागते.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न ऐकीव नाही. बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये, अजिंठ्याच्या डोंगररांगेत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. त्यात अस्वले आहेत, बिबटे आहेत, नीलगाय आणि रानडुकरेही आहेत. बुलढाणा-खामगाव रस्ता याच जंगलातून बोथ्याजवळून जातो आणि अभयारण्याला लागूनच शेते सुरू होतात. उत्तरेकडे सातपुड्यात, संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. एवढ्या जंगलाच्या कडेने कापूस, मका, सोयाबीन, तूर घेणारी गावे असतील, तर माणूस आणि जनावर समोरासमोर येणारच.

साधी गोळी आणि डार्ट यांत फरक काय?

रायफलची गोळी ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जाते. तिचे काम शरीरात खोल घुसून इजा करणे हे आहे. डार्ट म्हणजे उडती सिरिंज. त्याच्या पुढे सुई, मध्ये औषध, मागे दाब आणि शेपटीला रंगीत गोंडा असतो. त्याने फक्त कातडी भेदून सुई स्नायूत बसवायची आणि तिथेच थांबायचे. म्हणून त्याचा वेग गोळीच्या मानाने अगदी थोडा ठेवतात.

थोडे गणित केले की हे लगेच पटते. समजा भरलेल्या डार्टचे वजन १० ग्रॅम आहे आणि तो सेकंदाला ६० मीटर वेगाने निघाला. त्याची ऊर्जा १८ जूल होते. वेग दुप्पट केला, तर ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे ७२ जूल. तेवढ्या धक्क्याने मांडीचे हाड मोडू शकते. डार्ट फासळ्यांमधून छातीत शिरू शकतो. सुईबरोबर डार्टचा पुढचा भागही मांसात रुतू शकतो. भुलीच्या बंदुकीने जनावरे मरतात तेव्हा दोष नेहमी औषधाचा नसतो. जवळून जास्त ताकदीने मारलेला डार्ट हेही त्याचे एक जुने कारण आहे.

आता उलट बाजू. त्याच ६० मीटर वेगाने निघालेल्या डार्टला ३० मीटर अंतर कापायला अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदात कोणतीही वस्तू सव्वा मीटरच्या आसपास खाली येते. हवेचा विरोध धरला तर आणखी थोडी. म्हणजे नेम सरळ धरून चालत नाही, डार्ट कमानीतून टाकावा लागतो. शिवाय त्या अर्ध्या सेकंदात जनावर एक पाऊल जरी पुढे सरकले, तरी मांडीवर धरलेला नेम पोटावर लागतो. म्हणून अनुभवी माणूस जनावर उभे किंवा बसलेले असताना, शक्यतो २० ते ४० मीटरच्या आत आणि अंतर मोजूनच डार्ट मारतो. अंतर मोजायला हातात मावेल असे लेसर यंत्र वापरतात. अंदाजाने "असेल पंचवीसेक मीटर" म्हणून भागत नाही.

ताकद कमी-जास्त कशी करतात?

बंदुका मुख्यतः दोन तऱ्हेच्या असतात. एक वायूवर चालणारी. आपल्याकडच्या वनविभागांकडे डेन्मार्कच्या डॅन-इंजेक्ट कंपनीच्या अशा बंदुका बऱ्याच ठिकाणी आहेत. तिच्यात कार्बन डायऑक्साइडची छोटी टाकी असते, दाब दाखवणारे घड्याळ असते आणि दाब वाढवण्या-घटवण्याची कळ असते. कोणत्या मापाच्या डार्टला, किती अंतरावर, किती दाब लागतो याचा तक्ता बंदुकीबरोबर येतो. पण तो कागदावरचा तक्ता. आपल्या बंदुकीचा खरा तक्ता सरावातूनच करावा लागतो. पाणी भरलेले डार्ट गवताच्या गंजीवर किंवा फोमच्या पाटीवर मारून नोंदी ठेवायच्या.

यात बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात एक मेख आहे. कार्बन डायऑक्साइडचा दाब तापमानाबरोबर भराभर बदलतो. २० अंशांना टाकीतला दाब सुमारे ५७ बार असतो, ३० अंशांना तो ७२ बारच्या आसपास जातो. घाटावर बुलढाण्याच्या सकाळच्या गारव्यात केलेला सराव घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडच्या एप्रिलच्या दुपारी जसाच्या तसा लागू पडेल असे समजू नये. वेगळ्या कप्प्यात दाब ठरवून घेणाऱ्या बंदुकीत हा फरक बराच आटोक्यात येतो, तरी टाकी उन्हात उभ्या जीपमध्ये ठेवणे हे कोणत्याच अर्थाने शहाणपणाचे नाही.

दुसरी तऱ्हा बारुदावर चालणारी. तिच्यात .२२ मापाचे, गोळी नसलेले रिकामे काडतूस बसवतात. त्याच्या स्फोटाचा वायू डार्टला ढकलतो. ही काडतुसे कारखान्यातूनच वेगवेगळ्या ताकदीची येतात आणि ताकद रंगावरून ओळखतात. जवळच्या अंतराला सर्वांत कमी ताकदीचा रंग, दूरच्याला जास्त ताकदीचा. रंग चुकला तर काय होते ते वर आलेच आहे. आवाज आणि धक्का कमी असल्याने बिबट्या-अस्वलासारख्या जनावरांना वायूची बंदूक अधिक पसंत करतात. पिंजऱ्यात किंवा जाळ्यात आधीच अडकलेल्या जनावरासाठी तर बंदूकही लागत नाही. तोंडाने फुंकायची नळी पुरते, कारण अंतर आठ-दहा मीटरच्या आत असते.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की या दोन्ही तऱ्हांत बंदूक चालवणारा दारू कधीच हाताने भरत नाही. तो हाताने भरतो ते औषध.

मग घरची रायफल कमी दारू भरून वापरली तर?

ही कल्पना गावोगाव निघते. पिकात रानडुकरे येतात, परवान्याची जुनी बंदूक घरात असते आणि कुणीतरी सुचवते, की काडतूस उघडून थोडी दारू कमी करू, जनावर मरणार नाही, नुसते घाबरून जाईल. ऐकायला सौम्य वाटते, पण यात सर्वांत मोठा धोका बंदूक धरणाऱ्यालाच आहे.

दारू फार कमी झाली, की गोळी नळीतून बाहेर न पडता मध्येच अडकू शकते. बार फुसका झाला असे वाटून माणूस दुसरे काडतूस घालतो. दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. चेहरा आणि हात नळीपासून किती लांब असतात, हे सांगायला नको. शिवाय अर्धवट भरलेल्या काडतुसात दारू एका बाजूला आडवी पडते. तिला आग कशी लागेल याचा भरवसा राहत नाही आणि काही वेळा कमी दारूनेही दाब अपेक्षेपेक्षा खूप वाढल्याच्या नोंदी आहेत. ज्या देशांत छंद म्हणून घरी काडतुसे भरतात, तिथल्या मार्गदर्शक तक्त्यांत दारूची कमाल मर्यादा असते तशी किमान मर्यादाही असते, ती यामुळेच.

आणि आपल्याकडे हा छंद नाहीच. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रे आणि दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. कायद्यात दारूगोळ्याची व्याख्याही इतकी रुंद आहे, की तिच्यात काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रेसुद्धा येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. थोडक्यात, यूट्यूबवर परदेशी माणूस गॅरेजमध्ये काडतुसे भरताना दिसतो, ते इथे करून पाहण्यासारखे नाही.

हे साधन आले कुठून?

गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात दोन ठिकाणी, दोन वेगळ्या गरजांतून. न्यूझीलंडमधल्या टिमारू गावचे औषधविक्रेते आणि पशुवैद्य कॉलिन मर्डोक हे रानटी जनावरांना जिवंत धरून तपासता यावे म्हणून लांबून सुई टोचण्याच्या खटपटीत होते. एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिक सिरिंजची कल्पनाही त्यांचीच. साधारण त्याच काळात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हरणे जिवंत पकडून दुसरीकडे सोडण्यासाठी तिथल्या संशोधकांनी डार्टची बंदूक बनवली. त्यांनी सुरुवातीला वापरलेले औषध होते निकोटीन. त्यात झोपवणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांत फारच थोडे अंतर होते, म्हणून ते पुढे मागे पडले. बंदूक त्यामानाने लवकर सुधारली. खरा फरक पडला तो औषधांमुळे.

डार्ट भरायचा कसा?

हे काम पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे किंवा त्याच्या देखरेखीखाली प्रशिक्षित माणसाचे. क्रम ठरलेला असतो आणि तो मोडायचा नसतो.

आधी जनावराच्या वजनाचा अंदाज. अस्वल, बिबट्या की वाघ, नर की मादी, पिल्लू की मोठे, पोट भरलेले की उपाशी, मादी असेल तर गाभण आहे का, हे लांबून पाहूनच ठरवायचे असते. त्यावर औषधाची मात्रा ठरते. मात्रेवर डार्टचे माप ठरते. डार्टच्या वजनावर बंदुकीचा दाब. म्हणजे पहिल्या अंदाजात चूक झाली तर ती शेवटपर्यंत बरोबर येते.

हातमोजे घालून औषध डार्टच्या पुढच्या कप्प्यात भरतात. सुईचे छिद्र टोकाला नसून बाजूला असते आणि त्यावर सिलिकॉनची छोटी बाही चढवलेली असते. ती बाही म्हणजे या सगळ्या यंत्रणेचे कुलूप. सुई स्नायूत शिरताना कातडी बाहीला मागे ढकलते, छिद्र उघडते आणि मागच्या कप्प्यातली हवा औषधाला आत लोटते. म्हणून बाही नीट बसल्याची खात्री करून, सुईवर टोपण घालून, त्यानंतरच मागच्या कप्प्यात हवेचा दाब भरायचा. हा क्रम उलटा झाला तर औषधाची पिचकारी भरणाऱ्याच्या तोंडावर उडते. डोळ्यांवर चष्मा किंवा तोंडासमोर पारदर्शक ढाल लागते ती याचसाठी. दाब भरलेल्या डार्टचे तोंड माणसांकडे करायचे नाही, हा नियम भरलेल्या बंदुकीसारखाच आहे.

सुईची लांबी हा बुलढाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. अस्वलाचे केस लांब आणि राठ असतात आणि खाण्याच्या हंगामात अंगावर चरबी चढलेली असते. सुई आखूड पडली तर औषध स्नायूऐवजी चरबीत जाते. तिथून ते रक्तात फार सावकाश मिसळते आणि अस्वल अर्धवट गुंगीत तासभर हिंडत राहते. बिबट्याची कातडी त्यामानाने पातळ, तिथे तीच सुई जास्त ठरू शकते.

औषध कोणते वापरतात?

मांसाहारी जनावरांसाठी आणि अस्वलांसाठी आपल्याकडे झायलाझिन आणि केटामाईन यांचे मिश्रण जुने आणि रुळलेले आहे. जर्मनीत म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात या मिश्रणाचे एक घट्ट रूप बनले, ते त्याच नावाने जगभर ओळखले जाते. औषध घट्ट असण्याचा फायदा असा, की थोड्या मापात पुरेशी मात्रा बसते, डार्ट लहान आणि हलका राहतो आणि ताकद कमी ठेवता येते. झायलाझिनवर उतारा आहे, योहिम्बिन किंवा ॲटिपामेझोल. केटामाईनवर उतारा नाही. म्हणून उताऱ्याचे इंजेक्शन घाईने देत नाहीत, आधी केटामाईनचा अंमल ओसरू देतात. केटामाईन अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत असल्याने त्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा लागतो.

हत्ती-गव्यासारख्या मोठ्या शाकाहारी जनावरांना वापरतात ते एटॉर्फिन तर आणखी जहाल. त्याचा थोडासा अंशही माणसाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून ते हाताळताना माणसासाठीचा उतारा आणि तो देऊ शकणारा सहकारी शेजारी हवा.

भरून ठेवलेला डार्ट दिवसचे दिवस तसाच चालत नाही, हे महाराष्ट्राने एका प्रसंगातून पाहिले आहे. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात टी-१ म्हणजे 'अवनी' या वाघिणीला गोळी घालून मारण्यात आले. तिच्या अंगावर डार्टही आढळला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नेमलेल्या समितीने या मोहिमेची चौकशी केली. डार्टमधले औषध २४ तासांच्या आत वापरायला हवे होते, प्रत्यक्षात ते ५६ तास आधी भरलेले होते, अशी नोंद समितीच्या अहवालात आली. अवनीवरून झालेल्या गदारोळात हा मुद्दा मागे पडला. तो मागे पडायला नको होता. रोज संध्याकाळी जुने डार्ट रिकामे करून सकाळी नवे भरणे हे कंटाळवाणे काम आहे आणि मोहीम आठवडेच्या आठवडे चालली की असलीच कामे आधी सुटतात.

डार्ट लागला, पुढे काय?

नेम मांडीवर किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर धरतात. डोके, छाती आणि पोट टाळतात. समोरून तोंड करून उभ्या असलेल्या जनावरावर डार्ट मारत नाहीत. लागल्यावर जनावर दचकते, काही अंतर पळते आणि मग पाच ते पंधरा मिनिटांत हळूहळू बसते. ही वेळ शांत जनावराची. लोकांनी घेरलेले, दगड खाल्लेले, पळून दमलेले जनावर असेल तर अंगात उसळलेल्या ॲड्रिनलिनमुळे तेवढीच मात्रा कमी पडते. मग दुसरा डार्ट. तो कधी मारायचा, हा पूर्ण मोहिमेतला सर्वांत अवघड निर्णय. लवकर मारला तर दोन्ही मात्रा एकदम चढतात. उशीर केला तर पहिलीचा अंमल उतरू लागतो.

त्या दहा-पंधरा मिनिटांत जनावर जाते कुठे, यावर सगळे अवलंबून असते. विदर्भात शेतोशेती कठडा नसलेल्या विहिरी आहेत. गुंगीतले जनावर विहिरीत किंवा शेततळ्यात पडले तर बुडून मरते. आधीच विहिरीत पडलेल्या बिबट्याला वरून डार्ट का मारत नाहीत, याचे उत्तरही हेच आहे. पाणी असेल तर आधी बाज, शिडी किंवा पिंजरा खाली सोडतात आणि त्याला पाण्याबाहेर आधार देतात. कित्येकदा शिडी लावून माणसे बाजूला झाली की बिबट्या रात्री स्वतःच निघून जातो. तो व्हिडिओ फारसा फिरत नाही, पण सुटका म्हणून ती सर्वांत उत्तम.

दुसरा शत्रू ऊन. भुलीत असताना शरीराला स्वतःचे तापमान सांभाळता येत नाही. अंगावर काळा झुपका घेऊन एप्रिलच्या उन्हात पडलेले अस्वल तापून मरू शकते. म्हणून शक्यतो पहाटे किंवा संध्याकाळी डार्ट मारतात, सावलीत नेतात, गुदद्वारातून तापमान पाहत राहतात, लागेल तसे पाणी ओततात. केटामाईनमध्ये डोळे उघडेच राहतात, त्यामुळे डोळ्यांत मलम घालून वर कापड बांधतात. कापडाने उजेड आणि हालचाल दिसत नाही, तो दुसरा फायदा.

हे सगळे जमले, तर काय साधते याचे उदाहरण बुलढाण्याच्या वाट्याला आले आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या टी-१ वाघिणीच्या सी-१ या नर बछड्याला फेब्रुवारी २०१९ मध्ये बेशुद्ध करून रेडिओ कॉलर लावण्यात आली. (ही टी-१ वेगळी, अवनी नव्हे. दोघींचा क्रमांक सारखा असल्याने समाजमाध्यमांवर हा घोळ कायम होतो.) पुढे हा वाघ तेलंगण आणि महाराष्ट्रातले अनेक जिल्हे पायी ओलांडत तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला आणि २०१९ च्या अखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला. 'वॉकर' हे त्याचे नाव पडले. शेते, रस्ते, वस्त्या ओलांडत एवढा लांब वाघ जातो हे कळले ते गळ्यातल्या कॉलरमुळे, आणि ती कॉलर गळ्यात पडली ती एका नीट भरलेल्या, नीट लागलेल्या डार्टमुळे. त्या दिवशी मांडीचे हाड मोडले असते तर हा प्रवास झालाच नसता.

परवानगी कोण देतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दात पकडणेही येते. वाघ, बिबट्या, अस्वल हे अनुसूची १ मधले प्राणी. माणसाच्या जिवाला धोका असेल तेव्हा त्यांच्याबाबत कलम ११ खाली लेखी आदेश देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला आहे आणि त्यांचे कार्यालय नागपुरात आहे. जनावर पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही अशी खात्री पटल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येत नाही, असेही कायदा सांगतो. म्हणून गावात आलेला वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी "वरून आदेश यायचा आहे" म्हणतो, तेव्हा तो टाळाटाळ करत असतोच असे नाही. प्रत्येक गावाजवळ प्रशिक्षित पथक आणि पशुवैद्य नसतात, त्यांना यायला वेळ लागतो, ही तक्रार मात्र रास्त आहे आणि ती करत राहायला हवी.

त्या मधल्या वेळेत सर्वांत जास्त नुकसान गर्दी करते. भटक्या वाघांबाबत व्याघ्र प्राधिकरणाची जी कार्यपद्धती आहे तिच्यात जमावबंदीचा उल्लेख आहे तो यामुळेच. पूर्वीचे कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झाले आहे. चार बाजूंनी माणसे उभी असतील तर डार्ट कोणत्या दिशेने मारायचा? चुकलेला डार्ट कुठेतरी जाणारच. शिवाय अस्वलाची नजर मंद असते. दिवसा झुडपात पडून राहिलेल्या अस्वलाला माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही आणि कळले की ते पळण्याऐवजी अंगावर येते. मोबाईल उंच धरून झुडपाकडे सरकणाऱ्याला हे कुणी सांगितलेले नसते.

जनावर दिसले तर त्याला जायला एक बाजू मोकळी ठेवावी, कुत्री सोडू नयेत आणि वनविभागाच्या १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर कळवावे. फोन करताना गट क्रमांक, जवळची विहीर किंवा पाण्याची जागा, जनावर एकटे आहे की पिल्लांसह आणि ते जखमी आहे का, एवढे सांगितले तर पथकाला निघण्याआधीच कोणते डार्ट, कोणत्या सुया आणि कोणते औषध घ्यायचे याचा अंदाज येतो.

आणखी एक. चुकलेला डार्ट शेतात पडून राहू शकतो. शेपटीचा गोंडा लाल-गुलाबी ठेवतात तो सापडावा म्हणून, पण तुरीच्या उभ्या पिकात तो दिसेलच असे नाही. त्याच्या आत औषध असते, मागे दाब असतो आणि सुईवर फक्त ती छोटी बाही असते. रंगीत असल्यामुळे तो पोरांच्या हाती आधी लागतो. मोहीम संपल्यावर पथकाने किती डार्ट भरले, किती झाडले, किती परत मिळाले याचा मेळ घालायचा असतो. तरीही पुढे निंदणीला, कापणीला गेल्यावर असे काही दिसले तर उचलू नये, पायाने ढकलू नये, जागेवर काठी रोवून खूण करावी आणि वनरक्षकाला बोलवावे. चुकून टोचलेच तर जागा पाण्याने धुऊन, माणसाला एकटे न सोडता, डार्ट दिसेल असा फोटो घेऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा आणि पथकातल्या पशुवैद्याचे डॉक्टरांशी फोनवर बोलणे करून द्यावे, कारण आत नेमके काय आणि किती भरले होते हे त्यालाच ठाऊक असते.